ऐंशी टक्के दोष

१३ जून १९८८ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथील न्यायालयात एका मृत स्त्रीच्या दोषाची टक्केवारी निश्चित करण्यात आली. रोझ सिपोलोन हे तिचे नाव. १९४२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ती सिगारेट ओढू लागली आणि चाळीस वर्षे ओढत राहिली. १९८१ साली तिच्या फुफ्फुसात कर्करोग निघाला. १९८३ साली तिने सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. १९८४ साली ती मरण पावली. पुढे चार वर्षांनी ज्यूरीने निकाल दिला: या स्त्रीच्या मृत्यूस ती स्वतः ऐंशी टक्के जबाबदार आहे, तिची पहिली सिगारेट बनविणारी लिगेट कंपनी वीस टक्के.

ही ऐंशी-वीसची वाटणी वाचली तेव्हा मला एक जुना प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी माझे व्याख्यान होते. विषय शिक्षण आणि समता असा काहीतरी. व्याख्यान संपल्यावर पुढच्या रांगेतील एक सुशिक्षित गृहस्थ उठले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "सर, तुमचे सगळे पटले. पण तुमच्या वस्तीतली माणसे दारू, मटका, मिश्री सोडतील तर अर्धे प्रश्न आपोआप सुटतील. सरकारने तरी किती करायचे?" सभागृहात माना डोलल्या. डोलणाऱ्यांत आमचीही माणसे होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मी काहीतरी उत्तर दिले. ते मला स्वतःलाच अपुरे वाटले, कारण त्या गृहस्थांचे म्हणणे निव्वळ खोटे नव्हते. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत. पण त्यांच्या हिशेबात काहीतरी गाळलेले होते. काय गाळलेले होते ते शोधत मी वाचत गेलो आणि अमेरिकेतील न्यायालयांपर्यंत जाऊन पोचलो.

प्रथम एक कबुली देतो. न्यायालयात जाणारा प्रत्येक माणूस पीडित असतो असे मी मानत नाही. फालतू दावे असतात, खोडसाळ दावे असतात. २००५ साली वॉशिंग्टन शहरात एका माणसाने धुलाईवाल्याने आपली पँट हरवली म्हणून दावा लावला आणि प्रथम सहा कोटी सत्तर लाख, मग पाच कोटी चाळीस लाख डॉलरची मागणी केली. २००७ साली तो हरला. गंमत अशी की हा वादी कुणी झोपडपट्टीतला आळशी इसम नव्हता. तो स्वतः प्रशासकीय न्यायाधीश होता, आणि प्रतिवादी होते कोरियातून येऊन कपडे धुण्याचा धंदा करणारे एक कुटुंब. फालतू दावा लावायलाही फुरसत आणि कायद्याचे ज्ञान लागते. ज्याला वकिलाची पायरी चढायची भीती वाटते तो असला दावा लावीत नाही.

'जबाबदारी ज्याची त्याची' हे तत्त्व कायद्यात आले कोठून? व्यसनाच्या प्रश्नातून ते आलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. ते आले कारखान्यातून आणि रेल्वेतून. फारवेल नावाचा एक इंजिनचालक बोस्टन-वुस्टर रेल्वेवर नोकरीस होता. पगार दिवसाला दोन डॉलर. सांधेवाल्याच्या हयगयीने गाडी रुळावरून घसरली आणि फारवेलचा उजवा हात गेला. त्याने कंपनीवर दावा लावला. १८४२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी तो फेटाळला. त्यांचे तर्कशास्त्र असे: इंजिनचालकाचे काम धोक्याचे आहे हे त्याला ठाऊक होते; म्हणूनच त्याला जास्त पगार मिळत होता; पगार घेतला तेव्हा त्याने धोकाही पत्करला; आणि सोबतीचा कामगार हयगय करीत असेल तर ते मालकापेक्षा त्यालाच अधिक चांगले दिसते. म्हणजे हात तुटला तो रेल्वेचा खर्च नव्हे, हातवाल्याचा खर्च. यालाच कायद्याच्या भाषेत 'धोका पत्करणे' म्हणतात. अमेरिकेच्या औद्योगिक भरभराटीत या तत्त्वाचा वाटा किती, याचा हिशेब तुटलेल्या हातापायांनीच करावा लागेल. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला. तोवर गिरणीतल्या माणसाच्या मागेही हेच भूत उभे होते.

याच न्यायमूर्ती शॉ यांच्यापुढे १८४९ साली आणखी एक खटला आला. सेरा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची काळी मुलगी बोस्टनमध्ये राहत होती. वाटेत गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून तिला काळ्यांच्या शाळेत जावे लागे. तिच्या बापाने दावा लावला. बाजू मांडली चार्ल्स समनर आणि रॉबर्ट मॉरिस हा काळा वकील या दोघांनी. शॉ यांनी निकाल विरुद्ध दिला. लोकांच्या मनातला पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही आणि बहुधा कायद्याने बदलताही येणार नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. पाणवठ्याच्या प्रश्नावर, मंदिराच्या प्रश्नावर, वसतिगृहाच्या प्रश्नावर ते आपण ऐकत आलो आहोत: मने बदलली पाहिजेत, कायद्याने काय होणार! पुढे १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील वेगळ्या डब्यांना मान्यता दिली तेव्हा या निकालाचा आधार घेतला.

एकच न्यायाधीश कामगाराला म्हणतो, धोका तू पत्करलास. आणि काळ्या मुलीला म्हणतो, पूर्वग्रह आम्ही निर्माण केलेला नाही. दोन्ही ठिकाणी कर्ता नाहीसा होतो आणि भोगणारा तेवढा उरतो. या न्यायालयाकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता तंबाखू. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारी मोठी संशोधने १९५० साली इंग्लंडात आणि अमेरिकेत प्रसिद्ध झाली. १९५३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे पानभर निवेदन झळकले. लोकांचे आरोग्य ही आम्ही धंद्यापेक्षा मोठी जबाबदारी मानतो, आमचा माल घातक आहे असे आम्हाला वाटत नाही, आम्ही संशोधन करू, अशी त्यात ग्वाही होती. येथे 'जबाबदारी' हा शब्द कंपन्यांनी स्वतःहून आपल्या अंगावर घेतला होता, हे विसरता कामा नये. आत काय चालले होते ते पुढे कागदपत्रांतून बाहेर आले. आपण निकोटिन या सवय लावणाऱ्या द्रव्याचा धंदा करतो, हे एका कंपनीच्या वकिलाने १९६३ सालीच आतल्या टिपणात लिहून ठेवले होते. १९६९ सालच्या दुसऱ्या एका टिपणात तर 'संशय हाच आपला माल' असल्याचे म्हटले होते.

न्यायालयात मात्र या कंपन्या दोन जिभांनी बोलत. पहिली जीभ म्हणे: सिगारेटने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही आणि सिगारेट हे व्यसन नाही. दुसरी जीभ म्हणे: सिगारेट वाईट हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी या बाईने ओढली, तेव्हा दोष तिचा. जे सिद्धच झालेले नाही ते त्या बाईला कसे ठाऊक असावे, हा प्रश्न सोपा आहे. पण तो विचारायला चाळीस वर्षे लागली. १९५४ पासून १९९४ पर्यंत शेकडो दावे दाखल झाले आणि कंपन्यांना एक छदामही द्यावा लागला नाही. त्याचे गुपित कंपनीच्याच एका वकिलाने लिहून ठेवले आहे. आपण खटले जिंकलो ते आपला पैसा खर्च करून नव्हे, तर समोरच्याला त्याचा सगळा पैसा खर्च करायला लावून, असा त्याचा मथितार्थ होता. त्याने समोरच्यासाठी वापरलेली शिवी मी येथे देत नाही. तारखांमागून तारखा, अर्जांमागून अर्ज, साक्षींमागून साक्षी. खरे खोडसाळ दावे यांना म्हणायचे की त्या विधवांच्या अर्जांना?

सिपोलोन खटल्यात कंपन्यांच्या वकिलांनी रोझचे जे चित्र उभे केले ते पाहण्यासारखे आहे. ती हुशार होती, वाचन करणारी होती, आपले निर्णय आपण घेणारी होती, असे त्यांनी ज्यूरीला पटविले. एरवी कष्टकरी बाईच्या बुद्धीची इतकी स्तुती कोणी करीत नाही. दोष द्यायचा असला म्हणजे तिला स्वातंत्र्य बहाल केले जाते. नवऱ्याने बजावूनही ती ओढत राहिली, गरोदरपणीही तिला सोडवले नाही, हे सगळे तिच्याविरुद्ध मांडले गेले. व्यसन म्हणतात ते याहून वेगळे काय असते, हे मात्र कोणी विचारले नाही. तिने स्वतः मरणापूर्वी साक्षीत सांगितले होते की माणूस खरोखर मरेल अशी वस्तू या कंपन्या विकतील असे आपल्याला वाटले नव्हते.

ज्यूरीने तिला ऐंशी टक्के दोषी धरले, तरी १९६६ पूर्वीच्या जाहिरातींतून दिलेल्या आश्वासनाचा भंग झाला म्हणून तिच्या पतीला चार लाख डॉलर देवविले. सिगारेट कंपनीविरुद्ध ज्यूरीने पैसे देवविण्याचा तो पहिलाच निकाल होता. १९९० साली अपिलात तो रद्द झाला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की पाकिटावर सरकारी इशारा छापण्याचा कायदा झाल्यावर, कंपनीने पुरेसा इशारा दिला नाही अशी तक्रार बहुतांशी करता येणार नाही. ओढणाऱ्याच्या संरक्षणासाठी छापलेला इशारा कंपनीचे चिलखत झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुटुंबाने दावा सोडून दिला. झुंजण्याची ऐपत संपली होती.

येथे आपल्याकडच्या एका गोष्टीची आठवण देतो. भारतात पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा १९७५ साली झाला. तो फक्त सिगारेटीपुरता होता. बिडीचा त्यात उल्लेख नव्हता. ज्यांना वाचता येत होते आणि सिगारेट परवडत होती त्यांना सरकारने सावध केले. बिडी ओढणाऱ्याला सावध करण्याची गरज २००३ च्या कायद्यापर्यंत कोणाला भासली नाही, आणि बिडीच्या कट्ट्यावर चित्ररूप इशारा यायला २००९ साल उजाडले. बिडी वळणाऱ्या आणि निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बायांनी तर एक झुरकाही न घेता तंबाखू छातीत भरून घेतला. त्यांच्या दोषाची टक्केवारी कोणत्या ज्यूरीने काढावी?

अमेरिकेत ही कोंडी फुटली ती एका साध्या युक्तीने. १९९४ च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्याचे महाधिवक्ता माइक मूर यांनी कंपन्यांवर दावा लावला तो कोणा रोग्याच्या वतीने नव्हे, तर राज्याच्या वतीने. गरीब रोग्यांच्या औषधपाण्यावर राज्याचा पैसा खर्च झाला तो परत द्या, एवढीच मागणी. राज्याने तर कधी सिगारेट ओढली नव्हती! 'तुझा दोष' हे अस्त्र कोणावर फेकायचे तेच कळेना. त्याच वर्षी १४ एप्रिलला सात कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे हात वर करून शपथ घेतली होती आणि निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही असे एकामागून एक सांगितले होते. मग आतली कागदपत्रे बाहेर येऊ लागली. १९९८ च्या नोव्हेंबरात शेहेचाळीस राज्यांशी तडजोड झाली. पंचवीस वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर देण्याचे ठरले. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सोळाशेहून अधिक पानांच्या निकालात या कंपन्यांनी पन्नास वर्षे जनतेची फसवणूक केल्याचे नोंदविले.

पण या विजयाचीही एक काळी बाजू आहे. मिळालेल्या पैशांपैकी फारच थोडा पैसा तंबाखू सोडविण्यावर खर्च झाला. बहुतेक राज्यांनी तो अर्थसंकल्पातील खड्डे बुजविण्यास वापरला. काही राज्यांनी तर पुढील वर्षांच्या हप्त्यांवर कर्जरोखे काढले. म्हणजे लोकांनी सिगारेट ओढत राहावे यातच राज्याचा स्वार्थ गुंतला.

हा प्रकार आपल्याला परका नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची दारू सरकारच्या मुठीत आली आणि गुत्त्यांचे लिलाव होऊ लागले. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. लक्षात घ्या, त्यांनी पत्र पिणाऱ्याला लिहिले नाही, परवाना देणाऱ्या व्यवस्थेला लिहिले. आणि १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या परिषदेपूर्वी अवघा एक आठवडा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना एक हिशेब मांडला. सरकार या इलाख्यात शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. त्या सुशिक्षित गृहस्थांच्या हिशेबात गाळलेली रक्कम ती हीच. दारू पिणाऱ्याचा दोष सर्वांना दिसतो. त्याच्या ग्लासातून सरकारी तिजोरीत काय पडते ते बाबासाहेबांनी आणे-पैशांत दाखविले.

म्हणून कोणी असे समजू नये की बाबासाहेबांनी माणसाची स्वतःची जबाबदारी नाकारली. उलट महाडला त्यांनी मृत मांस सोडा, आपले राहणे सुधारा असे बजावून सांगितले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. फरक असा आहे: आपला माणूस आपल्या माणसाला 'सोड' म्हणतो तेव्हा त्यात माणूस उभा राहावा ही तळमळ असते. विकणारा जेव्हा घेणाऱ्याला 'तू घ्यायला नको होतीस' म्हणतो तेव्हा त्यात गल्ला सांभाळण्याची हुशारी असते. शब्द एकच असतात. कोण कोणाला बोलतो यावर त्यांचा अर्थ ठरतो.

'फालतू दावा' या शब्दाचेही असेच झाले. या शब्दाबरोबर जगभर एकच उदाहरण दिले जाते: कॉफी अंगावर सांडली म्हणून लाखो डॉलर मिळविणारी म्हातारी. मीही ते वर्गात विनोद म्हणून सांगितले होते, याची आज लाज वाटते. हकीकत अशी. २७ फेब्रुवारी १९९२ रोजी अल्बुकर्क शहरात एकोणऐंशी वर्षांच्या एका आजीने मॅकडोनाल्डच्या दुकानातून एकोणपन्नास सेंटची कॉफी घेतली. नातवाने गाडी उभी केली होती. झाकण काढताना कॉफी मांडीवर सांडली. ती साधी गरम नव्हती. कंपनीच्या नियमानुसार ८२ ते ८८ अंश सेल्सिअसवर ठेवलेली होती. आजीची मांड्यांची आणि जांघेची कातडी खोलवर भाजली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, कातडीचे कलम करावे लागले. तिने खर्चासाठी वीस हजार डॉलर मागितले. कंपनीने आठशे देऊ केले. खटल्यात निघाले की दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. ज्यूरीने आजीलाही वीस टक्के दोष दिला आणि तेवढी भरपाई कापली. सत्तावीस लाखांची दंडात्मक भरपाई ठरविली ती कंपनीच्या दोन दिवसांच्या कॉफीविक्रीइतकी होती. न्यायाधीशांनी ती कमी करून एकूण रक्कम सहा लाख चाळीस हजारांवर आणली आणि मग गुप्त तडजोड झाली. वर्तमानपत्रांत राहिले ते फक्त सत्तावीस लाख आणि म्हातारी. 'फालतू दाव्यांना आळा घाला' असा घोष करणाऱ्या ज्या संस्था त्या काळात उभ्या होत्या, त्यांना तंबाखू कंपन्यांचा पैसा जात होता हेही पुढे त्या कंपन्यांच्याच कागदांतून उघड झाले.

२००२ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील दोन मुलींच्या वतीने त्याच कंपनीवर दावा लागला: तुमच्या खाण्याने आम्ही लठ्ठ आणि रोगी झालो. हा दावा मलाही कमकुवत वाटतो. न्यायाधीश स्वीट यांनी तो जानेवारी २००३ मध्ये फेटाळला. नंतर अपिलात त्याचा काही भाग जिवंत झाला, पण सामूहिक दावा म्हणून त्याला २०१० साली परवानगी नाकारण्यात आली. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. न्यायालय दावा फेटाळायला समर्थ असताना, असा दावा कोणी लावूच नये म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००४ साली विधेयक मंजूर केले. त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. सिनेटने ते संमत केले नाही, पण वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. आणि हेच शब्द त्याआधी, १९९६ साली, गरीब मातांना मिळणारी सरकारी मदत तोडणाऱ्या कायद्याच्या नावात होते. एकदा ते गरीब आईची मदत तोडायला वापरले, पुढे तिच्या मुलीची फिर्याद अडवायला.

१९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. ते नाते घोषणांपुरते राहू नये. त्या समाजाला तंबाखूने कसे घेरले हे आपल्या विद्यार्थ्यांनी वाचले पाहिजे. पुदिन्याच्या अर्काची, म्हणजे मेन्थॉलची सिगारेट घशाला गार लागते, म्हणून धूर सहज आत जातो आणि सवय लवकर जडते. १९५० च्या दशकात काळ्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी शंभरात दहा जणही ती ओढत नसत. मग काळ्यांच्या मासिकांत जाहिराती आल्या, काळ्यांच्या वस्त्यांत फलक लागले, संगीताच्या जलशांना पैसा मिळाला. आज शंभरातले ऐंशीहून अधिक मेन्थॉल ओढतात. ही त्यांची 'आवड' आहे असे सांगतात. १९९० साली एका कंपनीने फिलाडेल्फियाच्या काळ्यांसाठी म्हणून 'अपटाऊन' नावाची खास सिगारेट काढायचे ठरविले. तेथील मंडळे आणि धर्मोपदेशक उठले, आरोग्यमंत्री लुई सलिव्हन, जे स्वतः काळे होते, त्यांनी जाहीर निषेध केला आणि ती सिगारेट बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली. त्याच वर्षी हार्लेममध्ये रेव्हरंड कॅल्विन बट्स आपल्या लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले आणि दारू-तंबाखूच्या फलकांना त्यांनी चुना फासला. चर्चमध्ये 'सोडा' म्हणायचे आणि रस्त्यावर फलक पुसायचे, ही दोन्ही कामे त्यांना एकच वाटत होती.

आता बोस्टनकडे. तेथील रॉक्सबरी भागात ऑर्चर्ड पार्क नावाची गरिबांची सरकारी वसाहत होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लोरिलार्ड कंपनीची माणसे गाडीतून येऊन तेथे न्यूपोर्ट सिगारेटी फुकट वाटीत. एका नऊ वर्षांच्या काळ्या मुलीच्या हातात त्या पडल्या. आरंभी ती त्या देऊन मोबदल्यात गोळ्या-चॉकलेट घेई. तेराव्या वर्षी ती स्वतः ओढू लागली. पुढे सोडण्याचे पुन्हापुन्हा प्रयत्न केले, हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावरही सुटली नाही. २००२ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. तेव्हा तिचे वय होते चौपन्न. मरण्यापूर्वी तिने चित्रफितीवर साक्ष नोंदवून ठेवली होती. तिचा मुलगा वकील झाला होता. त्याने २००४ साली दावा लावला. लहान मुलांना सिगारेटी वाटल्याचे कंपनीने नाकारले. डिसेंबर २०१० मध्ये ज्यूरीने सात कोटी दहा लाखांची भरपाई आणि आठ कोटी दहा लाखांचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी भरपाई साडेतीन कोटींवर आणली.

अपील गेले ते मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे शॉ ज्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते त्याच न्यायालयात. तेथे २००६ साली दुसऱ्या एका सिगारेटच्या खटल्यात मोठा निर्णय झाला होता. वस्तू गैर रीतीने वापरली म्हणून वादीचाच दोष, हा बचाव सिगारेट कंपनीला सहसा घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले होते. कारण सिगारेट सुरक्षितपणे वापरण्याची कोणती रीतच नाही. ती घातक ठरते ती कंपनीने सांगितले त्याच रीतीने वापरली असता. फारवेलच्या हातावर १८४२ साली जो दगड ठेवला गेला होता तो त्याच न्यायालयात एकशे चौसष्ट वर्षांनी थोडा हलला. २०१३ साली न्यायालयाने ऑर्चर्ड पार्कच्या त्या मुलीच्या वारसाला दिलेली साडेतीन कोटींची भरपाई कायम केली, दंड मात्र रद्द केला. त्याच वर्षी व्याज धरून सात कोटी नव्वद लाख डॉलरवर तडजोड झाली.

फळे-मसाल्यांच्या स्वादाच्या सिगारेटींवर अमेरिकेने २००९ च्या कायद्याने बंदी घातली, मेन्थॉल तेवढे वगळले. २०२२ साली मेन्थॉलवरही बंदीचा प्रस्ताव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र कोणाची वाट न पाहता १ जून २०२० पासून मेन्थॉल सिगारेटींची विक्री बंद केली. असे करणारे ते पहिले राज्य. रॉक्सबरीच्या दुकानात आज न्यूपोर्टचे मेन्थॉल पाकीट कायद्याने विकत मिळत नाही.